मुळांना हवी हवा

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, बंगळुरू)

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण एरवी अर्थसंकल्प ऐकतो, संतसाहित्य ऐकतो, परराष्ट्र धोरणावरची भाषणं ऐकतो. आजचा विषय त्या मानाने अगदीच लहान, चार पानांच्या एका झाडाचा. तरी कार्यकर्त्यांना मी एक विनंती केली होती. घरी मरणपंथाला लागलेलं ऑर्किड असेल, तर ते कुंडीसकट घेऊन यायला श्रोत्यांना सांगा. टेबलावर ही जी रांग लागली आहे ती पाहता, विषय लहान असला तरी दुखणं घरोघरचं आहे, एवढं तरी सिद्ध झालं.

ही झाडं आली कुठून, ते विचारायला नको. कोणाच्या वास्तुशांतीला आलं, कोणाला दिवाळीला ऑफिसातून मिळालं, कोणी लालबागच्या पुष्पप्रदर्शनाला गेले आणि हौसेने घेऊन आले. दोन-अडीच महिने फुलं टिकली, आल्यागेल्याने कौतुक केलं. मग फुलं गळली, पानं मलूल झाली आणि घरात दोन पक्ष पडले. एक म्हणतो, पाणी कमी पडतंय. दुसरा म्हणतो, खत घाला. दोन्ही पक्षांनी आपापला कार्यक्रम राबवला आणि झाड आणखी खंगलं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. ऑर्किडच्या मुळांना पाण्याइतकीच खेळती हवा लागते, आणि घरात आपण नेमकी तीच तोडतो. आता तासाभरात जे सांगणार आहे, तो या एका वाक्याचा विस्तार समजा.

तुमच्याकडे जे झाड येतं ते बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिस असतं. रुंद, जाड पानं आणि कमानीसारख्या वाकलेल्या दांड्यावर ओळीने फुलं. लिनिअसने १७५३ साली यातल्या एका जातीची नोंद केली होती, पण ती वेगळ्याच प्रजातीच्या नावाखाली. फॅलेनॉप्सिस ही स्वतंत्र प्रजाती मांडली ती कार्ल ब्लूम यांनी, १८२५ साली. ब्लूम तेव्हा जावा बेटावर काम करत होते. इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि आसपासच्या दमट जंगलांत हे झाड मोठ्या वृक्षांच्या खोडाफांद्यांवर राहतं. पुष्कळांना ते बांडगूळ वाटतं, पण ते यजमान झाडातून रस ओढत नाही, नुसतं वस्तीला असतं. पानं खाली झुकलेली, मुळं सालीवर उघडी पसरलेली. पाऊस आला की धो धो भिजायचं आणि थांबला की वाऱ्यावर सुकायचं, असा त्याचा दिनक्रम. मातीशी त्याचा जन्मात संबंध येत नाही.

अशा आयुष्याला लागतील तशी त्याची मुळं घडली आहेत. मुळाच्या बारीक, चिवट गाभ्यावर मेलेल्या पेशींचा एक जाडसर थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात. पावसाची सर आली की हा थर टीपकागदासारखा पाणी शोषून घेतो आणि मग सावकाश आत देतो. कोरडा असताना तो चंदेरी-पांढरा दिसतो. भिजला की पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग वर येतो. ही मुळं पानांसारखं अन्नही तयार करतात, म्हणून त्यांना उजेड चालतो. आणखी एक गोष्ट. फॅलेनॉप्सिसच्या पानांवरची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात, दिवसाच्या उन्हात मिटून राहतात. पाणी जपून वापरायची ही युक्ती निवडुंगाकडेही आहे. तेव्हा तुम्ही चार दिवस गावाला गेलात म्हणून हे झाड मरत नाही. तुम्ही घरी असता आणि रोज सकाळी न चुकता पेलाभर पाणी घालता, तेव्हा ते मरतं.

हे काही आपल्याला परकं कूळ नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०१९ साली जी यादी प्रसिद्ध केली, तीत देशातल्या ऑर्किडच्या १,२५६ जाती आहेत. त्यांपैकी ३८८ जगात दुसरीकडे कुठेच आढळत नाहीत, आणि त्यांतल्याही बऱ्याच सह्याद्रीतल्या आहेत. जुन्या मुंबई इलाख्यातल्या ऑर्किडांवर फादर सांतापाव आणि कापडिया यांनी लिहिलेला ग्रंथ १९६६ साली निघाला. आपण आमरी म्हणतो ती हीच मंडळी. आंबोली, राधानगरीच्या बाजूला मे-जूनमध्ये गेलात तर जुन्या झाडांवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लांब घोस लोंबताना दिसतात, ती सीतेची वेणी. आसामात बिहूला मुली केसांत माळतात ते कोपौ फूल म्हणजे हेच. इथे कर्नाटकात याला सीताळे म्हणतात, आणि कोडगूतल्या कॉफीच्या मळ्यांत सावलीच्या झाडांवर ते भरपूर आहे. पुढच्या खेपेला मडिकेरीला जाल तेव्हा कॉफी पिऊन झाली की मान वर करून बघा. त्या झाडाला कोणी कुंडी दिलेली नाही, खत घातलेलं नाही, आणि पावसाळ्यात तीन-चार महिने भिजूनही त्याचं मूळ कुजलेलं नाही. का नाही? कारण चारी बाजूंनी वारा आहे.

ही साधी गोष्ट समजायला माणसाला पुष्कळ झाडं मारावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातल्या श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं. उष्ण देशातलं झाड म्हणजे त्याला उष्णता आणि वाफ हवी, असा हिशेब करून त्यांनी काचघरं बंद ठेवली, खाली भट्ट्या पेटवल्या. जहाजं भरभरून झाडं गेली आणि त्या कोंदट काचघरांत मेली. डेव्हनशरच्या ड्यूकने १८३५ साली जॉन गिब्सन नावाच्या माळ्याला ऑर्किड गोळा करायला भारतात पाठवलं. कलकत्त्यावरून तो खासी टेकड्यांत पोचला आणि १८३७ मध्ये मोठा साठा घेऊन परतला. ती झाडं जगली याचं श्रेय ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याला. त्याने खिडक्या उघडल्या, तापमान उतरवलं, कुंड्यांतून पाणी वाहून जाईल अशी सोय केली. खासी टेकड्यांवर थंडी असते, वारा असतो, हे तिथे जाऊन आलेल्या माणसाला विचारलं की कळतंच.

आता मधला दुवा सांगतो, म्हणजे आपल्या कुंडीत गडबड नेमकी कुठे आहे ते लक्षात येईल. ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक असतं आणि त्यात पोटापुरतीही शिदोरी नसते. रानात विशिष्ट बुरशीची संगत मिळाली तरच ते रुजतं. हे कोडं नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकाने १८९९ साली उलगडलं. पुढे १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी दाखवून दिलं की बाटलीत साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर बुरशीशिवायही बी रुजवता येतं. १९६० च्या सुमारास जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून हजारो हुबेहूब रोपं करायची वाट मोकळी केली. एके काळी सरदार-उमरावांच्या घरचं हे फूल आज आपल्या दिवाणखान्यात येतं ते या प्रयोगशाळेच्या रस्त्याने.

पण या रस्त्यावर एक खाच आहे. बाटलीतून निघालेलं नाजूक रोप मॉसच्या, म्हणजे शेवाळाच्या, घट्ट गोळ्यात लावतात. हरितगृहात उष्णता, ओल आणि वारा यंत्रावर चालतो, पाणी मोजून दिलं जातं, त्यामुळे तिथे तो गोळा चालतो. विक्रीला येईपर्यंत मुळं त्याच्याभोवती गच्च विळखा घालतात. मग ते रोप छिद्र नसलेल्या देखण्या चिनी मातीच्या कुंडीत बसतं, वर सोनेरी फीत लागते आणि ते तुमच्या घरी येतं. तुम्ही वरून पाणी घालता. बाहेरची साल सुकल्यासारखी दिसते, आतला गोळा महिनोन् महिने ओला राहतो, आणि तळाला साचलेलं पाणी तर कोणाला दिसतच नाही.

बोलण्यापेक्षा दाखवतो. ही दुसरी कुंडी कोणाची? काकू, तुमची? मी उपडी करतो, चालेल ना? रागावू नका.

(इथे वक्त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरून झाड कुंडीतून बाहेर काढले.)

मागच्या रांगेतल्यांसाठी सांगतो. पानं चार आहेत, सगळी सुरकुतलेली, चामड्यासारखी लोळागोळा. बघणारा म्हणेल, तहानलं आहे. आता हे मूळ बोटांत धरतो. दाबलं तर साल सुटून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. हे मेलं. हे तपकिरी, बुळबुळीत, हेही मेलं. वासही येतोय. मधोमध हा मॉसचा गोळा आहे. मुठीत पिळतो... पाहिलंत, धार लागली. काकू, शेवटचं पाणी कधी घातलंत? आठ दिवस झाले? आणि गोळा अजून पिळून निघतोय. म्हणजे झाड पाण्यात बसून तहानेने मरत होतं, कारण पाणी ओढायला मुळंच उरली नाहीत. आपण सुरकुतलेलं पान बघून आणखी पाणी घालतो, ते अशा वेळी घातक ठरतं. पान सुरकुततं ते पाणी कमी झालं तरी आणि जास्त झालं तरी. निवाडा मुळांपाशी होतो, म्हणून आजारी ऑर्किड आधी कुंडीबाहेर काढून बघायचं.

पण इकडे पाहा. ही तीन मुळं टणक आहेत, एकाचं टोक हिरवं, चकचकीत आहे. तीन जिवंत मुळं म्हणजे झाड वाचणार, काकू. 

आता शस्त्रक्रिया. कात्री किंवा ब्लेड गॅसच्या ज्योतीवर तापवून गार करून घ्यायचं, आणि दुसऱ्या झाडाला लावायच्या आधी पुन्हा तापवायचं. ऑर्किडचे दोन-तीन विषाणू या झाडाचे त्या झाडाला जातात ते मुख्यतः अशा पात्यावरूनच. जुना मॉस पूर्ण काढून टाकायचा, मधला गोळा हमखास. मेलेलं मूळ कापायचं, टणक मूळ वाकडंतिकडं असलं तरी ठेवायचं. पानाला जखम झाली असेल तर तिथे दालचिनीची पूड लावता येते. मुळांवर मात्र ती शिंपडू नका, ती चांगली मुळंही सुकवते. फुलांचा दांडा असेल तर तो बुडापासून कापायचा. जीव वाचवायचा असताना फुलांचा खर्च झाडाला परवडत नाही. जखमा सुकायला झाड तसंच सावलीत रात्रभर उघडं ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी नवी कुंडी. ती उरलेल्या मुळांच्या मापाची, म्हणजे लहान घ्यायची. मोठ्या कुंडीत ओल जास्त राहते आणि पुन्हा तेच रामायण होतं. पारदर्शक प्लॅस्टिकची, बुडाला आणि बाजूंना भोकं असलेली उत्तम. आत काय भरायचं? पाइनच्या सालीचे तुकडे, लोणारी कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे. लालबागेजवळ सिद्धापुरात नर्सरींची रांग आहे, तिथे हे सगळं मिळतं. सोडणात मीठ असतं, म्हणून ते दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवून घ्या. इतक्या खडबडीत भरावात झाड डगमगतं, तर काडीला बांधा, कारण हलणाऱ्या झाडाची नवी मुळं टोकाला घासून मरतात. माती नको, कोकोपीटचा भुगा नको, गांडूळखत नको. गुलाबाला जे अमृत, ते याला विष.

एकही मूळ उरलं नसेल तर? तरीही पानं शाबूत असतील तर प्रयत्न करायला हरकत नाही. भिजवून घट्ट पिळलेला मूठभर मॉस झाडाच्या बुडाखाली ठेवायचा, बुड त्याला जेमतेम टेकलेलं, आणि सगळं पारदर्शक पिशवीत घालून उन्हाबाहेर, पण उजेडात ठेवायचं. पिशवीत दमटपणा राहिला की पानांतून पाणी कमी उडतं आणि झाडाला नवी मुळं फोडायला सवड मिळते. दोन-तीन दिवसांआड पिशवी उघडून हवा द्या, बुरशी दिसली तर मॉस बदला. याला आठवडे लागतात, कधी महिने. या काळात खत अजिबात नाही. ज्याला मुळं नाहीत त्याला खत देणं म्हणजे जखमेवर मीठ.

आणि एक प्रकार असा, की जिथे मी खोटी आशा लावणार नाही. मधलं कोवळं पान काळं पडून हलकेच ओढल्यावर हातात येतं. म्हणजे शेंड्यात पाणी साचून गाभा कुजला आहे. फॅलेनॉप्सिसला वाढीचा शेंडा एकच, तो गेला की पुढची पानं येत नाहीत. मुळं चांगली असतील तर क्वचित बुडातून पिल्लू फुटतं, एरवी नाही. रानात हे झाड तिरकं लोंबतं, त्यामुळे शेंड्यात पाणी थांबत नाही. आपण ते उभं लावतो आणि वर फवाराही मारतो. तेव्हा पाणी सकाळी द्या, शेंड्यात थेंब राहिला तर कागदाच्या टोकाने टिपून घ्या, आणि संध्याकाळचा फवारा बंद करा.

आता बंगळुरूकडे येऊ. मुंबई किंवा चेन्नईच्या नातेवाइकांना तुमचा हेवा वाटावा अशी हवा तुम्हाला मिळाली आहे. सुमारे ९२० मीटर उंचीवरचं हे शहर. फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा टाकायला काही आठवडे बऱ्यापैकी गार रात्री लागतात, तापमान सतत २८ अंशांच्या वर राहिलं तर दांडा येतच नाही. इथे नोव्हेंबर ते जानेवारी रात्रीचा पारा १५ ते १८ अंशांच्या आसपास असतो. दांडा फुटायला एवढी थंडी पुरेशी आहे. घरात आणून दडपून ठेवलं नाही, खिडकीजवळ ठेवलं, तर हिवाळ्यात दांडा डोकावतो. तो मुळासारखाच दिसतो, फक्त टोक चपटं, बोटमोज्यासारखं असतं. दांडा दिसल्यावर कुंडी फिरवू नका आणि जागा बदलू नका, नाहीतर कळ्या गळतात. पिकलेल्या केळ्यांच्या टोपलीजवळ तर मुळीच ठेवू नका, पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं अवेळी म्हातारी होतात.

हवेची दुसरी बाजू म्हणजे मार्च-एप्रिल. दुपारी हवा कोरडी ठाक होते, पारा ३४ अंशांवर जातो, कधी त्याच्याही पुढे. तेव्हा झाडं एकत्र ठेवा, खाली खडे आणि पाणी असलेलं ताट ठेवा. कुंडी खड्यांवर राहील, पाण्यात नाही, एवढं बघा. पंख्याचा मंद वारा चांगला, एसीचा झोत वाईट. जागा कुठली? पूर्वेची खिडकी किंवा बाल्कनी, सकाळचं कोवळं ऊन. दक्षिण-पश्चिमेला जाळी लावल्याशिवाय नको, पानावर भाजल्याचे पांढरे डाग पडतात आणि ते कायमचे. पानं गडद हिरवी आणि लुसलुशीत झाली तर उजेड कमी आहे. पिवळट किंवा लालसर झाली तर जास्त आहे. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात शोभा आहे, पण उजेड नाही.

आणि पाणी. या शहरात पाण्यावर बोलायचं म्हणजे अर्धं राजकारण होतं, पण ऑर्किडपुरतं बोलतो. मल्लेश्वरम्, जयनगरसारख्या जुन्या भागात कावेरीचं पाणी येतं, ते बरंच मऊ. व्हाइटफील्ड, सर्जापूर रस्त्याकडे पुष्कळ घरं बोअरवेल आणि टँकरवर. त्या पाण्यात क्षार भरपूर. नळाच्या तोंडावर पांढरं साचतं तेच मुळांच्या टोकांवर आणि सालीवर साचतं, आणि टोकं काळी पडतात. बोअरवेलच्या घरातलं ऑर्किड ‘सगळं करूनही’ खुरटतं, त्याचं कारण पुष्कळदा हेच. उपाय डोक्यावर आहे. या शहराला वर्षाला साधारण ९७० मिलिमीटर पाऊस मिळतो. मे महिन्यात वळीव येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोर असतो. २००९ पासून ठरावीक आकारावरच्या घरांना पावसाचं पाणी साठवणं किंवा मुरवणं बंधनकारक आहे. ऑर्किडला तर दोन बादल्या पुरतात. बाल्कनीत पहिली सर वाहून जाऊ द्या, मग बादली ठेवा आणि झाकून ठेवा, डासांना आमंत्रण नको. २०२४ च्या मार्चमध्ये बोअरवेल आटल्या, पिण्याचं पाणी बागेला घालण्यावर जलमंडळाने बंदी घातली आणि पाच हजार रुपये दंड लावला, ते आठवत असेल. त्या उन्हाळ्यात ज्यांच्याकडे पावसाचं पाणी साठवलेलं होतं, त्यांच्या झाडांना ना दंडाची भीती होती, ना क्षारांची.

किती आणि कधी? वार ठरवू नका. ‘दर रविवारी’ हा नियम जुलैत मारतो आणि एप्रिलमध्ये वाळवतो. पारदर्शक कुंडीतून बघा. मुळं हिरवी दिसली तर थांबा, चंदेरी झाली आणि कुंडी हाताला हलकी लागली तर पाणी द्या. देताना कंजुषी नको. कुंडी दहा-पंधरा मिनिटं बादलीत बुडवा, बाहेर काढून पूर्ण निथळू द्या, मगच जागेवर ठेवा. खत झाडाला नवी मुळं दिसल्यावर. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ बाजारात सहज मिळतं, लिटरला चिमूटभर, अर्ध्या ग्रॅमच्या आतच, आणि तेही ओल्या मुळांवर. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने भरपूर धुऊन काढा, म्हणजे साचलेले क्षार निघून जातील.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. दवाखान्यात सुईआधी लावतात तो स्पिरिट कापसाच्या काडीवर घेऊन एकेक टिपा, आठवड्याने पुन्हा बघा. पानांच्या मागे बारीक जाळी आणि करपट रंग दिसला तर लाल कोळी, तो उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत येतो. पानं दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसत राहिलं तरी बराच आटोक्यात राहतो.

इथे टेबलाच्या टोकाला एक झाड आहे, पानं झडलेली, नुसत्या काठ्या उरलेल्या. ते मेलेलं नाही, ते डेंड्रोबियम आहे. त्याच्या काही जाती हिवाळ्यात पानं गाळतात आणि त्याच जुन्या काठ्यांवरच्या डोळ्यांतून फुलं येतात. त्याला ऊन जास्त लागतं, हिवाळ्यात पाणी कमी. जुन्या काठ्या हिरव्या आणि टणक असेपर्यंत कापू नका, त्यात झाडाचा साठा असतो. ज्यांनी आणलं आहे त्यांनी ते घरी परत न्यावं, कचऱ्यात नको.

थोडं वेळेबद्दल. फॅलेनॉप्सिस वर्षाला दोन-तीन पानं काढतं. आज मुळं कापलेलं झाड पुढच्या हिवाळ्यात फुलेल अशी खात्री मी देणार नाही, त्याला दुसरा हिवाळाही लागू शकेल. जुनी पानं सरळ होणार नाहीत, तिकडे बघून निराश होऊ नका. नवं मूळ, नवं पान दिसलं की झाड वाचलं असं समजा. ज्यांना पुढे शिकायचं आहे त्यांच्यासाठी याच शहरात टोस्कर ही कर्नाटकातल्या ऑर्किडप्रेमींची संस्था आहे. हेसरघट्ट्याला भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे. देशाचं ऑर्किड संशोधन केंद्र तर १९९६ पासून सिक्कीममध्ये पाक्योंगला काम करतंय.

शेवटी एक विनंती, आणि ती झाडापेक्षा जंगलाच्या बाजूने आहे. घाटात, कोडगूच्या रस्त्यावर, कधी शहरातही फांदीच्या तुकड्यासकट उपटलेली रानऑर्किडं विकायला असतात. स्वस्त असतात, फुललेली असतात. ती घेऊ नका. राखीव जंगलातून झाडं काढणं हा गुन्हा आहे, ऑर्किडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती झाडं आपल्या बाल्कनीत क्वचितच जगतात. सीतेची वेणी जिथे आहे तिथेच बघायला जा. घरासाठी नर्सरीत वाढवलेलं झाड घ्या. घेताना फुलं मोजण्याआधी कुंडी उचलून मुळं बघा, आणि फुलं गळून गेली म्हणून ते टाकून देऊ नका.

आज इथे आणलेली झाडं आपापली ओळखून घरी घेऊन जा. ज्यांची कुंडी बिनभोकाची आहे, त्यांनी आज रात्रीच झाड त्यातून बाहेर काढा. बाकी सगळं उद्या केलं तरी चालेल.